निजताना कोणते दार उघडे ठेवावे?

निजलेल्या माणसाला उठवावे की उठवू नये, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. कुंभकर्णाला जागे करण्यासाठी रावणाच्या सेवकांना काय काय खटाटोप करावे लागले आणि मुचुकुंदाला लाथ मारून उठविणाऱ्या कालयवनाचे काय झाले, या कथा आपण सर्वांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. एका कथेत न उठणारा हास्यास्पद होतो, दुसरीत उठविणारा भस्म होतो. परंतु निजणाऱ्याचे कर्तव्य काय, निजण्यापूर्वी त्याने कोणती व्यवस्था लावून ठेवावी, याचा विचार या दोन्ही कथांत आढळत नाही. गेली काही वर्षे हा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो आहे. त्याला निमित्त झाले ते सौंसर तहसिलीतील आमच्या संत्र्याच्या बागेत बसविलेले वीतभर लांबीचे एक यंत्र. यंत्राच्या बिघाडावरून नीतीचा विचार सुचावा याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हांसही ते वाटले होते.

आमचा भाचा पुण्यास नोकरीला आहे. तो ज्या विद्येत काम करतो तिला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. मीटर, मोटारगाड्या, पंप, दवाखान्यातील उपकरणे यांच्या पोटात जे लहान लहान संगणक बसविलेले असतात, त्यांची ही विद्या होय. शेतकऱ्यांना ती अगदी अपरिचित नाही. रात्रीच्या वीजपुरवठ्यापायी अंधारात विहिरीवर जाण्याची पाळी येऊ नये म्हणून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करण्याची ‘नॅनो गणेश’ ही यंत्रणा पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी पूर्वीच तयार केली, आणि त्या जातीची उपकरणे आता ठिकठिकाणच्या विहिरींवर दिसतात. भाच्याने हौसेने आमच्या बागेसाठी जे यंत्र जुळविले त्याचे काम थोडे निराळे होते. सकाळ-संध्याकाळ मातीतील ओल मोजून मोबाईलवर कळवावी, आणि विहिरीजवळचे टाके भरून वाहू लागले तर ताबडतोब सूचना द्यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. बागेतील वीज बेभरवशाची, म्हणून यंत्र एका बॅटरीवर व लहानशा सौर पाटीवर चालावयाचे. साहजिकच दिवसाचा बहुतेक वेळ त्याने निजून काढणे भाग होते.

या निद्रेचे स्वरूप येथे थोडे सांगितले पाहिजे. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, प्रत्येक अवयवापाशी जाऊन ‘तुझे काही काम आहे काय?’ असे विचारीत बसत नाही. ज्याचे काम असेल तो अवयव एका तारेवरून त्याला इशारा करतो. या इशाऱ्यास इंटरप्ट असे नाव आहे. आपण त्यास दारावरची थाप म्हणू. थाप पडली की प्रोसेसर हातातील काम बाजूस ठेवून तिची दखल घेतो आणि मग पुन्हा आपल्या कामाकडे वळतो. प्रत्येक अवयवाची भाषा जाणणारा जो आज्ञावलीचा भाग असतो त्यास डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. आमच्यासारख्या जन्मभर कचेरीत बसलेल्या माणसाने त्याला त्या अवयवाचा कारकून म्हटले तर चालावे.

भाच्याच्या यंत्रात लिनक्स ही कार्यप्रणाली होती. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आज कोट्यवधी फोनांच्याही मुळाशी आहे. तिच्यात निजण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम चालू कामे जागच्या जागी गोठविली जातात. मग एकेक कारकून आपापला अवयव शांत करतो. त्यानंतर थापांच्या तारा बंद होतात आणि अखेरीस प्रोसेसर निजतो. तारा बंद करण्याचे कारण असे की, निजलेल्या अवयवाच्या नावाने थाप आली आणि त्याचा कारकून तडक त्याच्याकडे विचारपूस करण्यास गेला, तर वीज तोडलेला तो अवयव उत्तर देऊ शकत नाही आणि त्याची वाट पाहता पाहता सारे यंत्रच अडकून पडू शकते. मात्र काही मोजक्या तारांना झोपेतून उठविण्याचा अधिकार राखून ठेवता येतो. तो आपोआप मिळत नाही. संबंधित कारकुनाने जागेपणीच तशी नोंद करून ठेवावी लागते. भाच्याने असा अधिकार तीन तारांना दिला होता. एक घड्याळाची, दुसरी फोनची घंटा वाजल्याचे सांगणारी आणि तिसरी टाक्यातील फ्लोटची.

यंत्र बसले, आणि चार-पाच दिवसांतच बॅटरी रिकामी होऊ लागली. दिवाळीस भाचा आला तेव्हा ओसरीवर बसून त्याने शोध सुरू केला. कोणत्या तारेवर किती थापा पडल्या याची मोजदाद लिनक्स ठेवीत असते. ती पाहिल्यावर असे दिसले की, फ्लोटच्या तारेवर एकाच रात्रीत हजारो थापा पडल्या होत्या. टाके तर अर्धेही भरलेले नव्हते. कारण शोधताना दुपार झाली. फ्लोटची लांब तार मोटारीच्या केबलला खेटून नेलेली होती, आणि फ्लोट खाली असताना तिचे टोक धड इकडे ना धड तिकडे, असे अधांतरी राहत होते. मोटार सुरू झाली की केबलमधील झटक्याचा पडसाद त्या तारेत उमटे, आणि यंत्रास वाटे की टाके वाहू लागले. ते दचकून उठे, पाही, काही नाही म्हणून निजे, आणि पुन्हा उठे. दुसऱ्या दिवशी भाच्याला पुण्यास परतावयाचे होते. त्याने तात्पुरता उपाय म्हणून त्या तारेचा उठविण्याचा अधिकारच काढून घेतला. बॅटरी टिकू लागली आणि आम्ही समाधान पावलो.

पुढे पौषात बाग ताणावर होती. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना विश्रांती द्यावयाची आणि योग्य वेळी पाणी देऊन जागे करावयाचे, हे पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. ताण म्हणजे झाडाची निद्राच आहे. अवकाळी पाऊस आला की ती अर्ध्यावर मोडते, फूट भलत्या वेळी येते आणि वर्षाचा हिशेब चुकतो. त्या हिवाळ्यात पाऊस आला नाही. एका रात्री मोटार बंद व्हावयास हवी होती ती झाली नाही, टाके भरून वाहू लागले आणि पाणी उताराच्या अंगाने खालच्या चार ओळींत शिरले. फ्लोट रात्रभर वर येऊन थाप देत होता. ती थाप खरी होती. परंतु तिला उठविण्याचा अधिकार राहिला नव्हता, म्हणून यंत्र सकाळपर्यंत स्वस्थ निजले आणि ठरल्या वेळी उठून त्याने इमानेइतबारे कळविले की ओल वाढली आहे. त्या चार ओळींचा बहार त्या वर्षी हातचा गेला.

फोनवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, यंत्र झोपेत चुकलं नाही. चूक मी केली, त्याला निजवण्याआधी.”

संक्रांतीनंतर येऊन त्याने खरी दुरुस्ती केली. तार मोटारीच्या केबलपासून दूर नेली. तिचे टोक अधांतरी न राहता एका बाजूस ठाम राहील अशी लहानशी जोडणी केली. क्षणभर टिकून राहील तीच थाप खरी मानावी, असे कारकुनास शिकविले. निजण्यापूर्वी जुन्या थापांचे शिल्लक अवशेष पुसून टाकावेत आणि त्यानंतर एकदा टाक्याकडे पाहूनच निजावे, अशी नवी रीत घातली. एवढे झाल्यावर त्या तारेचा उठविण्याचा अधिकार तिला परत दिला. यंत्र तेव्हापासून सुखाने निजते आणि वेळेवर उठते.

चार ओळींचे नुकसान आम्ही विसरलो असतो. परंतु भाच्याचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही, कारण त्याने आमची एक जुनी रात्र आम्हांस परत दिली. ती येथे सांगणे भाग आहे.

गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाचे अखेरचे दिवस होते आणि आमच्या नोकरीला पाच-सहा वर्षे झाली होती. पावसाळ्यात पीकनुकसानीच्या पंचनाम्यासाठी आम्ही दौऱ्यावर होतो. तीन दिवस चिखल तुडविल्यावर एका विश्रामगृहात मुक्काम पडला. निजण्यापूर्वी आम्ही चौकीदारास बजावले, “सकाळी सहापर्यंत कोणीही आले तरी मला उठवू नका.” अंगात थकवा होता, दुसऱ्या दिवशी वीस गावे करावयाची होती, आणि त्या आज्ञेत काही वावगे आहे असे आमच्या स्वप्नातही आले नाही.

रात्री दीडच्या सुमारास जवळच्या खेड्याचा कोटवार भिजत आला. त्याच्या गावात एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला निजलेल्या जागी मण्यार चावली होती. आसपास दुसरे वाहन नव्हते; आमची सरकारी जीप मात्र विश्रामगृहाच्या आवारात उभी होती. सरकारी दवाखाना अठरा किलोमीटरवर होता. “साहेबायले उठवा ना जी, पोराले पान लागलं,” असे तो म्हणत राहिला. चौकीदाराने त्याला पाणी दिले, पडवीत बसविले, आणि आज्ञेप्रमाणे आम्हांस उठविले नाही. अर्ध्या तासाने कोटवार परत गेला. गावकऱ्यांनी बैलगाडी जुंपली. मुलगा वाटेतच गेला.

सकाळी चहा घेताना हे आम्हांस कळले. आम्ही चौकीदारावर संतापलो. तो खाली मान घालून इतकेच बोलला, “आपणच सांगितलं होतं साहेब, कोणीही आलं तरी.” या घटनेची चौकशी झाली नाही, कारण नियमाच्या दृष्टीने काही घडलेच नव्हते. त्यानंतरही तो कोटवार अनेक वर्षे कामानिमित्त आम्हांस भेटत राहिला. त्या रात्रीविषयी त्याने कधी एक शब्दही काढला नाही.

या प्रसंगी दोष कोणाचा? निजलेल्या माणसाला दोष देता येत नाही, असे आपण सहज म्हणतो, आणि ते खरेही आहे. झोपेत माणूस काही ठरवीत नाही. जो ठरवीत नाही त्याच्यावर जबाबदारी कशी टाकणार? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मद्यप्याचा दाखला दिला आहे. नशेत गुन्हा करणाऱ्यास दुप्पट शिक्षा देण्याच्या नियमाचा उल्लेख करून तो म्हणतो की, अशा माणसाला आपण काय करतो हे कळत नव्हते हे खरे, परंतु ते न कळण्याचे मूळ त्याच्याच हातात होते. न पिणे त्याला शक्य होते. हा दाखला आमच्या रात्रीस अर्धाच लागू पडतो. मद्य टाळता येते, झोप टाळता येत नाही, आणि टाळूही नये. तीन दिवसांच्या श्रमानंतर निजणे हा आमचा अपराध नव्हता. परंतु मूळ शोधण्याची ॲरिस्टॉटलची पद्धत घेतली, तर ते दीड वाजताच्या झोपेत सापडत नाही. रात्री दहा वाजता, पूर्ण शुद्धीत, आम्ही जो ‘कोणीही’ हा शब्द उच्चारला त्यात ते आहे. त्या एका शब्दाने आम्ही सर्व तारा बंद केल्या होत्या. चौकीदार हा आमचा कारकून होता, आणि कोणती थाप कोणत्या तोलाची हे ठरविण्याचा अधिकार आम्ही त्याच्याकडे ठेवलाच नव्हता. तो अधिकार त्याने स्वतः होऊन घ्यावयास हवा होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु साहेबाची झोप मोडल्यामुळे बोलणी खाल्लेले चौकीदार आम्ही पाहिले होते, आणि त्यानेही पाहिले असतील.

यावर कोणी म्हणेल की, मग सर्वच थापांना दार उघडे ठेवावे. आमच्या बागेतील यंत्राने पहिल्या महिन्यात तेच केले होते. प्रत्येक पडसादास ते उठले, आणि पाचव्या दिवशी खरे काम पडले असते तरी उठण्याचे त्राण त्याच्यात राहिले नसते. आजकाल पुष्कळ माणसे अशीच जगताना दिसतात. उशाशी फोन असतो, तो रात्रभर कोणाच्या ना कोणाच्या क्षुल्लक निरोपाने उजळत असतो, आणि अखंड जागे असल्याचा अभिमान बाळगणारा माणूस घरच्या आजारी आईशी बोलताना पेंगत असतो. ज्याला कोणीही केव्हाही उठवू शकतो, तो खऱ्या गरजवंताच्या उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा निवड करणे अटळ आहे, आणि निवड आली की नीती आली.

लिनक्समध्ये याविषयी एक नियम आहे, तो ऐकून आम्ही चकित झालो. एखाद्या तारेवरील १,००,००० थापांपैकी ९९,९०० थापांना कोणत्याही कारकुनाने आपले म्हटले नाही, तर प्रणाली ती तार खराब समजून बंद करून टाकते आणि नोंदवहीत लिहिते की, या थापेची कोणी पर्वा केली नाही. व्यवहारदृष्ट्या हे योग्यच आहे; अन्यथा एका बिघडलेल्या तारेपायी सारे यंत्र वेठीस धरले जाईल. परंतु एकेका तारेवर कधी कधी दोन-तीन अवयव भागीदार असतात. एकाने खोटा गोंगाट केला, तर तार बंद झाल्यावर दुसऱ्या निर्दोष अवयवाचीही थाप पोचेनाशी होते. हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे कचेरीतील अर्जांचे गठ्ठे उभे राहिले. रोज एकाच बांधाच्या भांडणाचा नवा अर्ज आणणारा माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो. काही महिन्यांनी त्याच्या गावाचे नाव दिसले तरी लिपिक कागद खाली सरकवितो. त्याच गठ्ठ्यात त्याच गावच्या विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज असतो, तो कोणाच्या ध्यानी येत नाही. मध्य प्रदेशात दर मंगळवारी जनसुनवाई होते. तेथे जी मोठी रांग लागते तिच्यातही ही भागीदारीची तार असतेच. खोटी थाप देणारा केवळ अधिकाऱ्याचा वेळ खातो असे नव्हे, तो शेजाऱ्याच्या खऱ्या थापेचा विश्वास खातो. आणि ऐकणाऱ्याचेही कर्तव्य तार तोडून संपत नाही. आमच्या भाच्याने आधी तार तोडली आणि बहार गमावला. गोंगाट कोठून येतो हे शोधून तो थांबविल्यावरच त्याची दुरुस्ती पुरी झाली.

थापेला उत्तर द्यावयाचे म्हणजे एकतर उठावे किंवा दुर्लक्ष करावे, असे दोनच मार्ग आपल्याला दिसतात. तिसरा मार्ग मराठी माणसाला भक्त पुंडलिकाने दाखवून ठेवला आहे. तो आईवडिलांची सेवा करीत असताना साक्षात देव दाराशी आला. पुंडलिक उठला नाही, आणि त्याने न ऐकल्याचे सोंगही केले नाही. त्याने वीट पुढे केली आणि हातचे काम होईपर्यंत तीवर उभे राहण्यास सांगितले. आलेल्याची दखल तत्काळ, काम यथावकाश. भाचा सांगतो की, चांगला ड्रायव्हर अगदी असेच करतो. थाप आल्याचे तो क्षणात नोंदवितो आणि लांबचे काम मागाहून सवडीने करतो. आमच्या त्या रात्री कोटवारास पडवीत बसावयास जागा मिळाली, पाणी मिळाले. वीट मात्र मिळाली नाही. त्याची थाप आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती, मग ती मागाहून तरी कशी ऐकणार?

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. निजण्याच्या नेमक्या क्षणी आलेल्या थापेचे काय? यंत्र निजण्याचा निर्णय घेऊन चुकले आहे, तारा बंद होत आहेत, आणि तेवढ्यात कोणी दार ठोठावले, तर ती थाप जागेपणातही धरली जात नाही आणि झोपेतही. लिनक्सच्या कर्त्यांनी २०१० साली यावर तोड काढली. निजण्यापूर्वी उठविणाऱ्या घटनांची मोजणी लिहून ठेवावयाची, आणि अगदी शेवटी ती पुन्हा ताडून पाहावयाची. आकडा बदलला असेल तर निजण्याचा बेत रद्द. हे ऐकून आम्हांस आमच्या वाड्यातील आजी आठवली. भोसल्यांच्या अमदानीत आलेल्या घराण्याचा तो वाडा; त्याला मोठा दरवाजा आणि त्यात माणसापुरती दिंडी. आजी रात्री दिवा मालविण्यापूर्वी अंथरुणे मोजी, मग दिंडीची कडी लावी, आणि परत येऊन अंथरुणे पुन्हा मोजी. मधल्या वेळात कोणी उठून परसात गेला असेल तर आकडा जमत नसे, आणि कडी पुन्हा निघे. अंगणातील कुत्रे आणि गोठ्यातील हंबरणे यांना ती उठत नसे. तान्हे मूल कुसमुसले तर मात्र घरातील सर्वांआधी ती जागी असे.

येथे यंत्र आणि माणूस यांतील भेदही मान्य केला पाहिजे. यंत्राची यादी दुसऱ्या कोणी तरी लिहावी लागते. आजीने यादी कधीच लिहिली नव्हती; ती तिच्या मायेने लिहिलेली होती. आम्हां अधिकाऱ्यांची यादीही लिहिलेली नसते, पण ती कशाने ठरते याचा विचार आम्ही क्वचितच करतो. त्या रात्री राजधानीतून वरिष्ठांचा फोन आला असता, तर ‘कोणीही’ या शब्दात ते बसत नाहीत हे चौकीदाराला न सांगता कळले असते. त्याने आम्हांस उठविले असते आणि आम्ही रागावलो नसतो. म्हणजे एक तार आम्ही उघडी ठेवलीच होती. ती वरच्या दिशेला उघडत होती, आणि खालून येणारी बंद होती. या गोष्टीची लाज आम्हांस त्या मुलाच्या मृत्यूनंतर लगेच वाटली नाही. ती कितीतरी वर्षांनी, एका यंत्राच्या दुरुस्तीच्या वेळी वाटली.

प्रत्येक मौन मात्र अपराधाचे नसते, हेही सांगितले पाहिजे. २०२३ च्या सप्टेंबरात चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २ तारखेस आणि विक्रम लँडर ४ तारखेस निजविण्यात आला. चंद्रावरची रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची आणि भयंकर थंडीची असते. शास्त्रज्ञांनी निजविताना त्यांचे संदेशग्राहक सुरू ठेवले होते आणि उगवत्या सूर्याचा प्रकाश मिळेल अशा रीतीने प्रज्ञानची सौर पाटी वळविली होती. २२ सप्टेंबरपासून त्यांना हाका घातल्या गेल्या. उत्तर आले नाही. त्या रात्रीची थंडी सोसण्यासाठी ती यंत्रे मुळात बनविलेलीच नव्हती. तेथे कान उघडे होते, शरीराने साथ दिली नाही. त्या मौनाबद्दल कोणी कोणास दोष देत नाही. आमच्या विश्रामगृहातील मौन त्या जातीचे नव्हते. आमचे शरीर धडधाकट होते.

१९५६ साली राज्ये बदलली, आपली घरे नागपूरपासून एका सीमारेषेने वेगळी झाली, आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो. पुढे २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, आणि जिल्ह्याची कचेरी एकदम जवळ आली. रस्ते झाले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. आज कोटवाराला साहेबाच्या जिपेसाठी पावसात चालत यावे लागू नये. थापेचा मार्ग जवळ झाला हे चांगलेच झाले. मात्र दाराच्या आत कोण निजले आहे आणि निजण्यापूर्वी त्याने काय सांगून ठेवले आहे, हे कोणत्याही जिल्हा-पुनर्रचनेने बदलत नाही. आपल्या जामसांवळीचा मारुती पिंपळाखाली पहुडलेला आहे, आणि तरीही अडलेनडलेले लोक दूरदूरहून त्याच्याकडेच गाऱ्हाणे घेऊन येतात. निजलेल्या देवाला आपले ऐकू जाते, अशी त्यांची श्रद्धा असते. निजलेल्या साहेबाविषयी तशी श्रद्धा कोणाला वाटत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या दिवाळीस भाच्याने आमच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. रात्री दहानंतर फोन मुका होतो, आणि यादीतील क्रमांकांचीच घंटा वाजते. “मामा, कोणाकोणाचे नंबर घालू?” त्याने विचारले. मुलगा, मुलगी, धाकटा भाऊ, डॉक्टर, अशी नावे आम्ही भराभर सांगितली. मग थांबलो. बागेच्या रखवालदाराचा क्रमांक घालावयास सांगितला. त्यानंतर शेजारच्या दोन घरांतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे सांगितले. शेवटी गावच्या सध्याच्या कोटवाराचा क्रमांक वहीतून काढून दिला. आता आम्ही कोणी अधिकारी नाही. जीप नाही, शिपाई नाही. पण घरी एक जुनी गाडी आहे आणि ती चालते.

भाचा हसून म्हणाला, “यादी लांबत चाललीय, मामा. झोप मोडेल तुमची.”

आम्ही म्हटले, “मोडू दे. दुपारी निजू.”